मागचं उजवं दार

त्या दिवशी मी 'टक' असा आवाज ऐकला होता. ही एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. सुदेशला नाही, चिपळूणला सासूबाईंना नाही, दर मंगळवारी स्क्रीनवर येऊन हळू आवाजात बोलणाऱ्या काउन्सेलर बाईंनाही नाही.

जूनची अकरा तारीख होती. तनिषच्या नर्सरीमागचं वाळूचं पार्किंग, दुपारचे पावणेबारा. इथे आखातात, अल बर्शात, त्या वेळी सावली असते ती खांबाएवढी, आणि तिच्यात आधीच कुणीतरी गाडी लावून ठेवलेली असते. मी लांबूनच रिमोट दाबला, मागचं उजवं दार उघडलं आणि तनिषला त्याच्या सीटमध्ये बसवलं. बेल्ट तापला होता. तो हात लावू देईना. फुंकर घालत घालत मी एकेक क्लिप बसवली. चावीची रिंग माझ्या करंगळीत होती. मग चावी पर्समध्ये टाकली, पर्स त्याच्या शेजारी ठेवली, दार लावलं आणि वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी आले.

दार उघडेना. चारही दारं उघडेनात. आत पर्स, पर्समध्ये चावी आणि फोन, आणि काचेपलीकडे माझा चार वर्षांचा मुलगा हसतोय, कारण त्याला वाटलं मम्मा गंमत करतेय.

तो किती वेळ हसला, कधी थांबला, कधी रडायला लागला आणि कधी रडायचाही थांबला, हे सगळं मला मिनिटांत सांगता येतं. नऊ मिनिटं. शेवटी डिलिव्हरीच्या एका मोटारसायकलवाल्याने कुणाच्या तरी डिकीतला पाना आणून मागची छोटी काच फोडली. मी त्याचं नावही विचारलं नाही. बाजूला उभी असलेली एक बाई फोन वर धरून शूटिंग करत होती आणि तोंडाने मला म्हणत होती, "हाऊ कॅन यू डू धिस?"

डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, पाणी पाजत राहा. काही झालेलं नाही हे खरंच होतं. आणि तो 'टक' माझ्या डोक्यात राहिला. मी वाकून शेवटची क्लिप लावत होते तेव्हा तो आला होता. त्या क्षणी वाटलं, क्लिपचाच आवाज. नंतर वाटायला लागलं, तो दारं लॉक होण्याचा होता, म्हणजे रिमोटचं बटण दाबलं गेलं होतं, म्हणजे माझ्या अंगठ्याने. अंगठा कुठे होता? मी शंभरदा तसं वाकून बघितलं, सोफ्यावर उशी ठेवून, करंगळीत चावी घेऊन. आठवत नव्हतं.

"प्रज्ञा, गाडी स्वतःहून लॉक होत नसते गं," सुदेश म्हणाला होता. प्रेमाने म्हणाला होता. तो ओरडला असता तर मी भांडले तरी असते.

सुदेश रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात आहे. सोमवारी पहाटे मोईन नावाच्या सहकाऱ्याच्या गाडीतून जातो, शुक्रवारी परत येतो. मधले दिवस गाडी माझ्याकडे असते. म्हणजे असायची. त्या दिवसानंतर मी गाडीला हात लावला नाही. आणि शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाई जे म्हणायच्या ते हळूहळू ठरूनच गेलं. "इकडे आणून सोड त्याला. वर्षभर राहील माझ्याजवळ. तिला जरा नीट होऊ दे. एवढ्याशा जिवाची जबाबदारी, आणि हिचं लक्ष हे असं."

दोन ऑगस्टचं तिकीट निघालं. सुदेश आणि तनिष जाणार, दहा दिवसांनी सुदेश एकटा परत येणार. आखातात राहणाऱ्या किती जणांची मुलं एखादं वर्ष आजीकडे वाढतात, त्यात जगावेगळं काही नव्हतं. मला कुणी जबरदस्ती केली असंही नाही. मला विचारलं, आणि मी हो म्हटलं. माझ्याच हातांचा मला भरवसा नव्हता. त्या हातांत त्याला ठेवा असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

तनिषने मात्र एक नियम केला होता. गाडीत बसायचं तर दुसरी चावी त्याच्या मुठीत हवी. सुदेश गाडी चालवत असला तरी.

"गिव्ह मी माय की," तो म्हणायचा. दिली की मूठ आवळून बसायचा. घरी आल्यावर हातावर चावीचे दात उमटलेले असायचे.

*

आमच्या बिल्डिंगमध्ये गाड्या धुणारा किसन गेवराईकडचा. रोज बाहेरून पुसतो, आणि बुधवारी सकाळी चावी मागून नेऊन आतून साफ करतो. बावीस जुलैला तो चावी परत द्यायला वर आला आणि दारातच घुटमळला.

"ताई, एक बोलू का? राग येणार न्हाई ना?"

"बोल की."

"तुमच्या गाडीचं मागलं उजवं दार, बाळ बसतं ते. ते उघडलं की आतला लाईट लागत न्हाई. बाकी तिन्ही दारांचा लागतो. खाली बेसमेंटात अंधार, मला मोबाइलची बॅटरी तोंडात धरून पुसावं लागतं."

"बल्ब गेला असेल."

"बल्ब एकच हाय ताई, मधी. बल्ब गेला तर चारी दारांचा जाईल ना?" तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "खाली वॉचमन लोक बोलत होते त्या दिवसाचं. मला वाटलं, सांगावं. मालकास्नी माहीत असंल म्हणून गप होतो."

मी फिजिक्सची बी.एस्सी. कॉलेजात बल्ब, बॅटरी आणि स्विच यांच्या किती जोडण्या केल्या, जर्नलमध्ये पट्टीने रेघा मारून आकृत्या काढल्या. आणि हे मला किसनने सांगावं.

तनिषला दूध-पोळी देऊन मी त्याला घेऊन खाली गेले. त्याला लांब, रॅम्पच्या कट्ट्यावर बसवलं, मुठीत त्याची चावी. "मम्मा इज ओन्ली चेकिंग," मी म्हटलं.

ड्रायव्हरचं दार उघडलं. आतला दिवा लागला, समोरच्या मीटरवर दाराचं लाल चित्र पेटलं. लावलं, विझलं. पुढचं उजवं, तसंच. मागचं डावं, तसंच. मागचं उजवं उघडलं. काहीच नाही. सताड उघडं दार, आणि गाडीच्या हिशेबी ते बंद.

मी खणातलं गाडीचं पुस्तक काढलं. दहा वर्षं जुनी गाडी, तिसऱ्या हाताने आमच्याकडे आलेली, ते पुस्तक कुणी उघडलेलंच नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली. लॉकच्या प्रकरणात चौथ्या ओळीला होतं: रिमोटने उघडल्यावर तीस सेकंदांत कोणतंही दार उघडलं गेलं नाही, तर गाडी पुन्हा आपोआप लॉक होते. खिशात बटण चुकून दाबलं गेलं तर गाडी उघडी राहू नये म्हणून ही सोय.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं कोण जाणे. मग उठले. चारही काचा खाली केल्या. सगळी दारं लावून लॉक केली. रिमोट दाबून उघडली. आणि चावी बॉनेटवर ठेवली, माझ्या हातापासून लांब. किसन शेजारच्या गाडीवरचा फडका थांबवून बघत होता. मी मागचं उजवं दार उघडलं, रिकाम्या सीटवर वाकले आणि मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन.

एकोणतीस. तीस.

टक.

तोच आवाज. मी वाकलेलीच राहिले.

"आरं तिच्या! आपोआप झालं की ओ ताई!" किसन ओरडला. "चावी तर हितं हाय!"

त्याचं ओरडणं बेसमेंटात घुमलं आणि कट्ट्यावर तनिष दचकून रडायला लागला. मी धावत जाऊन त्याला उचललं, आणि मग मीही रडले, तिथेच खाली बसून, पेट्रोलच्या वासात. किसन बिचारा बादली उचलून दुसऱ्या टोकाला निघून गेला.

मग आठवलं. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला दोन-तीनदा असं झालं होतं. तनिषला बसवून मी पुढे आले तर माझं दार बंद. चावी हातात होती म्हणून पुन्हा बटण दाबलं होतं आणि मनात म्हटलं होतं, आधी नीट दाबलं नसेल. आपल्यालाच वेंधळं म्हणायची सवय असली की मशीन वाचतं.

मी सुदेशचा नंबर काढला. लावला नाही. तो काय म्हणेल ते ऐकू येत होतं: असेल गं, वायर तुटली असेल, जुनी गाडी, पण आता तू ते डोक्यात घेऊन बसू नकोस. आणि चिपळूणला यातलं काहीच पोचलं नसतं. मला कागद हवा होता. दुसऱ्या कुणाच्या तरी हातचा, शिक्का मारलेला. आमच्या घरात बायकांच्या बोलण्यापेक्षा बिलावर लवकर विश्वास बसतो.

"किसन, गाडीचं इलेक्ट्रिकचं काम करणारा कुणी माहीत आहे?"

"अल कूजला मुश्ताकभाई हाय ना. तुमच्या कोकणातलाच. मराठी बोलतो, पण निम्मं आपल्याला कळत न्हाई."

*

गुरुवारी बेचाळीस दिवसांनी मी गाडी चालवली. तनिषच्या अटी होत्या.

"विंडोज ओपन. ऑल विंडोज."

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. एसी चालू आणि काचा खाली, अशी मी सगळ्यात उजवीकडच्या, म्हणजे इथल्या हळू लेनमधून साठच्या वेगाने गेले. मागचे हॉर्न मारत होते. आरशात तनिषची मूठ दिसत होती.

मुश्ताकभाईंचं गॅरेज म्हणजे दोन शटर आणि एक भलामोठा पंखा. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, चष्मा दोरीने गळ्यात. मी हिंदीत सुरुवात केली तर म्हणाले, "गाव कंचा बाय तुझा?"

"चिपळूण. तुमचं?"

"दापोली. मग घरचीच की. हिंदी कशाला फाडतेस?" त्यांनी तनिषला पंख्यासमोर स्टूल दिलं आणि मला म्हणाले, "सांग, काय होतंय. काय बदलायचं ते नको सांगू, काय होतंय ते सांग."

मी सगळं सांगितलं. अकरा जूनचंही. 'टक'सुद्धा. पहिल्यांदा कुणाला तरी. ते फडक्याला हात पुसत ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे दार उघडतंय, पण गाडीला खबर जात नाय. खबर कुठं अडते ते बघायचं. बघू."

त्यांनी दाराच्या आतलं कव्हर उतरवलं. दार उघडंच ठेवून दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने आत ढकलली, म्हणजे कुलपाला वाटावं दार लागलंय. वायरी तपासायच्या मीटरच्या दोन पिना लावल्या. जीभ सोडली की मीटर वाजायचं, ढकलली की गप्प.

"स्विच जिवंत आहे. आजकालची पोरं काय करतात, आधी नवा पार्ट टाकतात, मग बघतात. माझं उलट." मग दाराशेजारच्या, गाडीच्या खांबाच्या आतली वायर शोधून तिथे पिना लावल्या. जीभ ढकलली, सोडली, पुन्हा ढकलली. मीटर गप्पच. "इथवर येत नाय. मधे मेलंय."

दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये एक काळी रबरी नळी असते, दार उघडलं की दिसते. आतून दाराच्या सगळ्या वायरी जातात.

"दार दिवसातून धा वेळा वाकतं. वायर इथंच तुटते, नेहमी," म्हणत त्यांनी नळी एका बाजूने ओढून मागे सरकवली. चष्मा डोळ्यांवर चढवला. टॉर्च लावला. आणि थांबले.

"बाय, गाडी कुणाला दाखवली होतीस?"

"कुणालाच नाही."

"कुणाला तरी दाखवलीय." त्यांनी मला जवळ बोलावलं. वायरींच्या जुडीतून एक पातळ हिरवी वायर बाहेर काढली. दोन टोकं होती. दोन्ही सरळ, एका फटक्यात कापलेली, प्रत्येकावर लाल टेप गुंडाळलेली, नीट, औषधाच्या पट्टीसारखी. "तुटलेली वायर स्वतःला टेप लावून घेत नाय. ही कापलेली आहे. बघ, इथं जरा खाली साल गेलीय, इथं ती घासून बॉडीला लागत होती. म्हणजे आधी उलटं होत असणार. दार बंद, तरी दिवा पेटलेला. बीप वाजत असणार. बरोबर?"

बरोबर. मे महिनाभर वाजत होती. सिग्नलला थांबलं की बीप, वळलं की बीप.

"मग पासिंगला गेली असणार गाडी."

मी मान हलवली. दरवर्षी मुल्किया, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, रिन्यू करायला गाडी टेस्टिंगला न्यावी लागते. समोर लाल दिवा पेटलेला दिसला की नापास करतील, ही सुदेशची धास्ती. त्याचा व्हिसा रास अल खैमाचा, म्हणून नंबरप्लेटही तिकडची आणि पासिंगही तिकडेच. मेच्या शेवटच्या आठवड्यात तोच गाडी घेऊन गेला होता.

"जोडायला अर्धा तास लागतो," मुश्ताकभाई म्हणाले. "कापायला एक मिनिट. दिवा विझला, बीप गेली, पासिंग झालं, यल्ला, पुढची गाडी. सगळे करतात बाय. करणाऱ्याला वाटतं, दिवाच तर विझवला. तो दिवा आणखी कुणाकुणाला निरोप देतो, ते कोण बघतंय?"

मला ती संध्याकाळ आठवली. सुदेशने आत येऊन चावी माझ्याकडे फेकली होती, मी झेलली होती. "पासिंग डन. आणि तुझी बीपपण बंद. आता खूश?" मी खूश होते. मीच रोज कटकट करत होते, ती बीप बंद कर रे एकदाची, डोकं उठतं. त्या दिवशी मी त्याच्यासाठी कोलंबीचं कालवण केलं होतं.

मुश्ताकभाईंनी खराब तुकडा काढून टाकला, नवी वायर घालून झाळली, वर नळी चढवून गरम केली. काढलेला तुकडा लाल टेपसकट माझ्या हातावर ठेवला. "बिलावर काय लिहू?"

"जे दिसलं ते लिहा."

त्यांनी इंग्रजीत, कॅपिटल अक्षरांत, प्रत्येक अक्षर दाबून लिहिलं: मागच्या उजव्या दाराच्या स्विचची वायर कापलेली आढळली, जोडून दिली. तारीख. सही. शिक्का.

"आता पोराला उघडू दे," ते म्हणाले.

तनिष स्टुलावरून उतरला. दार उघडलं. दिवा लागला. "लाइट," तो म्हणाला. लावलं, उघडलं. सात-आठ वेळा. हसला नाही. एखाद्याचं म्हणणं खरं आहे का ते तपासावं तसं तो बघत होता.

*

शुक्रवारी सुदेश आला तेव्हा मी बिल आणि तो तुकडा जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. तनिष आतल्या खोलीत कार्टून बघत होता. सुदेशने बॅग खाली ठेवली, बिल वाचलं, उभ्यानेच. मग तुकडा उचलला आणि लगेच परत ठेवला.

मी बघत होते. माझं सगळं आयुष्यच बघण्यात गेलंय. दार लागलं का, गॅस बंद आहे का, पोराचा श्वास चालू आहे का. तो तुकडा पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे मी पाहिलं.

"मी फक्त म्हटलं होतं, बीप बंद करून द्या," तो म्हणाला. "कशी करणार ते मी विचारलं नव्हतं."

"मी ते विचारतच नाहीये. तुला कधी कळलं?"

"काय कळलं?"

"सुदेश."

तो खुर्चीवर बसला. नखाने टेबलावरचा एक डाग खरवडायला लागला.

"आठवड्याभराने असेल. गाडीत विषय निघाला तर मोईन म्हणाला, त्याच्याही गाडीचं असंच, रिमोटने उघडून नुसती ठेवली की तीस सेकंदांत लॉक होते. तेव्हा डोक्यात आलं. पण नक्की माहीत नव्हतं मला, प्रज्ञा. शपथ."

"नक्की करायला गाडी खालीच होती. एकतीस सेकंद लागले असते."

"हो, आणि मग? मग काय करायचं होतं? आईला सांगायचं, तुझ्या नातवाला मी कोंडलं? तू आधीच त्या अवस्थेत. मला वाटलं, आता मागचं उकरून काय होणार? पोरगा ठीक आहे, खलास. पुढचं बघू."

"मी त्या बाईसमोर बसून दर मंगळवारी सांगत होते, मी केलं. तू शेजारच्या खोलीत नसायचास, पण तुला माहीत होतं मी काय सांगतेय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच राग आला.

"तिकीट कॅन्सल करतो," तो म्हणाला. "आत्ता करतो. तनिष कुठेही जाणार नाही."

"आईंना सांग. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई लगेच आल्या, चष्मा कपाळावर, मागे पलंगावर निळी मच्छरदाणी लटकलेली.

"ही बघ रे, नवी आणली तनिषसाठी. गाड्यांची चित्रं आहेत हिच्यावर."

"आई, ऐक ना. तनिषला आत्ता नाही आणत. ते त्या दिवशीचं... गाडीतच फॉल्ट होता. वायर तुटली होती एक. प्रज्ञाची चूक नव्हती."

"तुटली होती?"

"हो. जुनी गाडी ना."

तो माझ्याकडे बघत नव्हता. बिल माझ्या हातात होतं. इतक्या सहज बोलला तो, इतक्या हलक्या आवाजात, की क्षणभर मलाही वाटलं, असू दे. तुटली म्हणू दे. पोरगा राहतोय ना.

मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"आई, तुटली नव्हती. कापलेली होती. सुदेशने मेमध्ये गाडी पासिंगला नेली तेव्हा. आणि हे त्याला महिनाभर आधीच कळलं होतं."

सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनच्या कडेला, जिथे सुदेशचा खांदा दिसत असेल. त्यांच्या मागे पंख्याच्या वाऱ्याने मच्छरदाणी हलत होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "त्याने काय मुद्दाम केलंय का?"

मी बिल स्क्रीनसमोर धरलं.

"पण तू तरी चावी आत कशाला ठेवलीस गं?"

फोन सुदेशने घेतला की मी दिला, आठवत नाही. दारात तनिष उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"ॲम आय नॉट गोइंग टू आजी?"

"नाही राजा," मी खाली बसून म्हटलं. "तू इथेच. मम्माजवळ. आपण कुठेच नाही जायचं."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं होतं तो गळ्यात पडेल.

"बट आजीज हाऊस हॅज नो कार," तो म्हणाला.

*

शनिवारी सकाळी भाजी आणायला निघालो. तिकीट कॅन्सल झालं होतं. सुदेशने रात्रीतून ते केलं होतं आणि त्याचा मेसेज मला पाठवून ठेवला होता, शेजारच्या खोलीत असून.

बेसमेंटात उकडत होतं. मी रिमोट दाबला आणि मागचं उजवं दार उघडलं. आतला दिवा लागला. तनिषला बसवलं, क्लिपा लावल्या. दुसरी चावी त्याच्या मुठीत होती. सुदेश पलीकडे ड्रायव्हरच्या दाराशी आला आणि त्याने हँडलला हात लावला.

"थांब," मी म्हटलं. "ते उघडू नकोस."

"अगं, आता नीट केलंय ना त्याने."

मी चावी गाडीच्या टपावर ठेवली आणि दार उघडं धरून मोजायला लागले, मोठ्याने नाही, पण ओठ हलत असतील. सुदेशने हँडलवरचा हात काढून घेतला. तो तिथेच उभा राहिला, शर्ट पाठीला चिकटलेला, समोरच्या खांबावरचा पार्किंगचा नंबर वाचत. लांब किसन कुणाची तरी काच पुसत होता. त्याने आमच्याकडे बघितलं आणि पाठ केली.

एकोणतीस. तीस. एकतीस. बत्तीस.

काहीच वाजलं नाही. दिवा तसाच लागलेला.

"झालं?" सुदेशने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी तनिषकडे बघितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता, मूठ तशीच आवळलेली.

"अगेन," तो म्हणाला.

मी एकपासून पुन्हा सुरुवात केली.